गावाच्या नावाचं कुलूप

समोरच्या माणसानं मोबाइल उघडायला बोट उचललं की सिस्टीमबाई मान फिरवून भिंतीकडे बघायच्या. भिंत नसली तर झाडाकडे, झाड नसलं तर आभाळाकडे. यात घरचा-परका असा भेद नव्हता. निशातगंजच्या बाजारात एकदा भाजीवाल्या भैयानं पैसे आले का ते बघायला मोबाइल हातात घेतला आणि बाईंनी एकदम पाठच फिरवली. तो बिचारा घाबरला. "माताजी, नाराज हो गईं क्या?" बाई पाठमोऱ्याच म्हणाल्या, "नहीं भैया, आप अपना ताला खोलिए, मैं इधर देख रही हूँ." त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला तोवर या प्रकाराची सवय झाली होती, मी नुसती मान हलवली.

लोक हसायचे. मीही सुरुवातीला हसले होते. एकदा त्यांना विचारलं, की एवढं काय, कोण तुमच्यावर संशय घेणार आहे? तर म्हणाल्या, "आज नाही घेणार. उद्या त्याचं काही चोरीला गेलं, की तेव्हा जवळ कोण उभं होतं ते आठवत बसेल. त्याला माझा संशय येऊ नये म्हणून मी तोंड फिरवते." पुढे त्यांच्या वाट्याला जे आलं ते पाहिल्यावर हे वाक्य मला फार वेळा आठवलं. ज्या बाईनं जन्मभर दुसऱ्याच्या कुलपाकडे पाहिलं नाही, तिलाच आमच्या लोकांनी चोर ठरवलं.

बाई मूळच्या मिरजेच्या. एका सरकारी बँकेच्या संगणक विभागात त्यांनी सगळी नोकरी काढली, त्यातली शेवटची बरीच वर्षं लखनौत. यजमान इथल्याच एका संशोधन संस्थेत होते. ते गेल्यावर माहेरची माणसं परत चल म्हणून मागे लागली, पण बाई तेलीबागच्या आपल्या दोन खोल्यांतच राहिल्या. बँकेत काहीही बंद पडलं की लोक म्हणायचे, "सिस्टम मैडम को बुलाओ." आमच्या मंडळात आल्यावर त्या मॅडमची बाई झाली, एवढाच फरक.

मंडळाचं नाव लिहीत नाही. लखनौत मराठी माणसांच्या जुन्या, मोठ्या संस्था आहेत, आमचं त्यातलं नव्हे. गणपती, संक्रांतीचं हळदीकुंकू आणि कोजागिरीचं दूध एवढाच आमचा कारभार. पण ज्या घरात आई मराठीत विचारते आणि मुलं "अच्छा मम्मी, बाद में" म्हणून उत्तर देतात, त्या घराला तेवढा कारभारही मोठा वाटतो. मी वाईची. इथल्या विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवते. आणि माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून ठेवते. हे लिहिताना मला शांतपणे लिहायचं नाहीच आहे.

बाईंची दुसरी सवय बसण्याची. कुठल्याही कार्यालयात कामाला गेल्या आणि खुर्चीतला माणूस "देखेंगे" म्हणाला, की त्या समोरची खुर्ची ओढून म्हणायच्या, "देखिए मत, बताइए. मैं बैठी हूँ." मग पिशवीतून मटार काढायच्या आणि पदरात सोलायला लागायच्या. थंडीत लखनौच्या बाजारात मटारचे ढीग लागलेले असतात आणि बाईंच्या पिशवीत ते कायम असायचे. हजरतगंजमधल्या एका कचेरीत माझा फोन दुरुस्तीचा अर्ज असाच त्यांनी मटार सोलून मंजूर करून घेतला. साहेब आधी रागावला, मग शिपायाला म्हणाला, "अरे यार, इनका काम कर दो, पूरी मेज़ पर छिलके हो जाएँगे." बाईंनी सालं पिशवीत भरली, मेजावरून हात फिरवला आणि त्याचे आभार मानले. आवाज मात्र त्यांनी कुठेच चढवला नाही. ते खातं माझ्याकडे होतं.

तर आमच्या मंडळाला वेबसाइट झाली. अध्यक्ष आबासाहेब, एका सरकारी कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांचे जावई गुरुग्रामला संगणकातलं काही करतात. त्यांनी ती करून दिली आणि तीही फुकट. उद्घाटनाला लॅपटॉपपुढे नारळ फोडला, लॅपटॉपला कुंकू लावलं, जावईबापूंना शाल दिली. सभासदांची ओळख, गणपतीचे फोटो, वधू-वरांची माहिती, सगळं एका ठिकाणी. ज्यानं त्यानं आपलं पान उघडायचं आणि पासवर्ड ठेवायचा.

आणि इथे आमच्या लोकांनी एक गंमत केली. गंमत म्हणते, पण तीच पुढे गळ्याशी आली. पासवर्ड काय ठेवायचा म्हटल्यावर जवळजवळ सगळ्यांनी आपापल्या गावाचं नाव ठेवलं. कुणी कुणाला विचारलं नव्हतं. आबासाहेबांनी औंध ठेवलं, मी वाई, समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांनी चिपळूण, शेवटी एक-दोन-तीन. परमुलखात राहिलेल्या माणसाला रोज एकदा तरी गावाचं नाव बोटाखालून जावं असं वाटत असावं. शिवाय तोच पासवर्ड मेलला, तोच बँकेला, तोच विजेच्या बिलाला. वर त्या वेबसाइटवर प्रत्येकाच्या फोटोखाली ठळक अक्षरांत काय छापलं होतं? मूळ गाव. कारण दोन मराठी माणसं लखनौत भेटली की पहिला प्रश्न तोच विचारतात.

सिस्टीमबाईंना हे कळलं ते माझ्यामुळे. मी कौतुकानं सांगितलं, की बघा, सगळ्यांनी गाव ठेवलंय. त्या म्हणाल्या, "गावाची आठवण यावी, यायलाच हवी. पण ती कुलपाला लावू नका. दारावर नाव लिहायचं आणि तेच नाव किल्ली म्हणूनही वापरायचं, हा कसला उद्योग?"

पण त्याहून वाईट गोष्ट त्यांना त्याच आठवड्यात सापडली. त्यांनी मुद्दाम 'पासवर्ड विसरलात?' या बटणावर बोट ठेवून पाहिलं. चांगली वेबसाइट असेल तर अशा वेळी नवा पासवर्ड ठेवायची सोय करून देते. आमच्या वेबसाइटनं काय केलं? बाईंचा जुना पासवर्ड जसाच्या तसा, अक्षर न् अक्षर, मेलनं पाठवून दिला. त्यांनी मला बोलावून घेतलं. मी म्हटलं, की बरं झालं की, विसरलेलं परत मिळालं. त्यांनी कपाळाला हात लावला.

मग त्यांनी मला समजावलं. त्यांची समजावण्याची पद्धत मला वर्गात कधी जमली नाही. म्हणाल्या, "तुम्ही मला गहू दिलात. मी तो दळला, पीठ ठेवलं आणि गहू फेकून दिला. उद्या तुम्ही पुन्हा गहू घेऊन आलात की मी तो त्याच जात्यावर दळणार. पीठ जुळलं तर तुम्ही त्याच. पासवर्ड असा ठेवायचा असतो. रात्री चोर आला तर त्याला पीठ मिळेल, आणि पिठाचा गहू करता येत नाही." मग म्हणाल्या, "सातारचे चौघे आहेत मंडळात. चौघांचा गहू सारखा, म्हणजे पीठही सारखंच. एकाचं कळलं की चौघांचं कळलं. म्हणून प्रत्येकाच्या गव्हात आपण वेगवेगळं काहीतरी चिमूटभर टाकायचं. आम्हा संगणकवाल्यांत त्याला मीठच म्हणतात. आणि जातं मुद्दाम जड ठेवायचं. तुम्हाला एकदाच दळायचंय, तुमचं काही बिघडत नाही. चोराला मात्र लाखो गव्हांचे नमुने दळून पाहायचे असतात, त्याचे हात दुखले पाहिजेत."

"आणि आपल्या वेबसाइटवर?" मी विचारलं.

"आपल्याकडे गहूच पोत्यात भरून ठेवलाय. पोत्याला दोरीसुद्धा नाही. माझा पासवर्ड मला परत मिळाला, याचा अर्थ तो तिथे आख्खा पडलाय. तुमचाही."

त्या महिन्याची सभा आबासाहेबांच्या गच्चीवर होती. बाईंनी सगळं शांतपणे मांडलं. त्यांची मागणी एवढीच होती, की सभासदांना आजच्या आज एक निरोप पाठवा. इथला पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथला बदलून टाका, एवढाच. वेबसाइट सावकाश दुरुस्त करा, पण निरोप आज जाऊ द्या.

आबासाहेब म्हणाले, "बाई, जावयानं पदरमोड करून दिलीय. त्याला मी सांगू की तुझं काम कच्चं आहे?"

"मी सांगते."

"आणि असा निरोप गेला तर लोक काय म्हणतील? मंडळाची अब्रू आहे काही."

"अब्रूचंच बोलतेय मी. सभासदांच्या."

"पाहू," आबासाहेब म्हणाले.

"पाहू नका, सांगा. मी बसले आहे." आणि त्यांनी मटार काढले.

मी तिथे होते आणि मी बरंच बोलले. माझं बोलणं इथे लिहीत नाही, छापण्यासारखं नाही. पण समितीतल्या त्या शिकल्यासवरल्या माणसांचे चेहरे आजही माझ्या डोळ्यांसमोर आहेत. कुणी शास्त्रज्ञ, कुणी बँकेत व्यवस्थापक. एकालाही बाईंचं म्हणणं खोटं वाटत नव्हतं. त्यांना फक्त जावयाला वाईट वाटेल याची काळजी होती. लग्नात रुसलेल्या जावयाची मनधरणी करावी तशी ही मंडळी एका नादुरुस्त वेबसाइटची मनधरणी करत होती. निरोप गेला नाही.

मग बाईंनी स्वतःच ओळखीच्या घरी फोन करायला सुरुवात केली. दोन दिवसांत ते जावईबापूंच्या कानावर गेलं आणि गुरुग्रामहून त्यांचा निवाडा आला: पासवर्ड दिसतो हे या बाईंना कळलंच कसं? म्हणजे त्यांनी सिस्टीममध्ये घुसखोरी केली. झालं. 'विसरलात?' हे बटण दाबणं ही घुसखोरी ठरली. मंडळात हॅकर हा शब्द फिरला. सायबर सेलला कळवावं लागेल अशी कुजबुज सुरू झाली. कुणीतरी बाईंना तोंडावर विचारलं, की आमचे पासवर्ड तुम्हाला कशाला हवेत? हे विचारणारी बाई दर वर्षी आपला मोबाइल त्यांच्याकडून दुरुस्त करून घ्यायची आणि तेव्हा सिस्टीमबाई भिंतीकडे बघत उभ्या असायच्या. मला राग येतो. तो आजही येतो आणि तो जावा अशी माझी मुळीच इच्छा नाही.

माफी मागेपर्यंत सभासदत्व स्थगित, असा ठराव झाला. बाईंनी माफी मागितली नाही. मला म्हणाल्या, "कशाची मागू ते त्यांनी सांगावं. दार उघडं आहे म्हटल्याची?"

त्या वर्षी गणपतीत त्या आल्या नाहीत. आरास झाली की विजेच्या माळा लावणं आणि प्रत्येक प्लग हात लावून तपासणं हे काम त्यांचं असे, दुसऱ्या कुणाला त्या करू देत नसत. त्या वर्षी ते कुणीतरी उरकलं. विसर्जनाला ढोल-ताशे नसतातच आमच्याकडे, एका टेम्पोत गणपती आणि मागे आम्ही झांजा वाजवत. वळणावर रस्त्याच्या पलीकडे बाई उभ्या दिसल्या. नेसलेली साडी सणाची होती. टेम्पो पुढे येईपर्यंत त्यांनी हात जोडले, मग रिक्षाला हात केला आणि निघून गेल्या. मी झांज टेम्पोत टाकली आणि घरी गेले.

आणि मग जे व्हायचं ते झालं. वेबसाइटवरचं ते उघडं पोतं कुणीतरी उचललं. कोण, कुठला, ते कधी कळलं नाही. नावं, मेलचे पत्ते, पासवर्ड, सगळं. ज्यांनी तोच पासवर्ड मेललाही ठेवला होता, त्यांचे मेल उघडले गेले. बहुतेकांचं फारसं बिघडलं नाही. अनघाचं बिघडलं.

अनघा आमच्यातल्याच एका बँकेतल्या गृहस्थांची मुलगी. लखनौतच जन्मलेली, मराठी समजते पण बोलते हिंदीत. तेलीबागजवळच्या एका शाळेत शिकवायची. वडिलांचं गाव संगमेश्वर. ती तिथे आयुष्यात एकदाही गेली नव्हती, पण वडिलांना बरं वाटावं म्हणून तिनं त्या गावाचं नाव पासवर्डला दिलं होतं. तिच्या मेलवरून शाळेतल्या सहकाऱ्यांना, मुलांच्या पालकांना आणि खुद्द प्राचार्यांना इतकं घाणेरडं काही गेलं, की मला ते सांगतानाही लोक खाली बघत होते. शाळेनं चौकशी होईपर्यंत तिला घरी बसवलं. पालकांनी तिला काढून टाका म्हणून निवेदन दिलं.

मंडळात ती मदत मागायला गेली तेव्हा तिला काय उत्तर मिळालं? की वेबसाइटचा याच्याशी काही संबंध नाही, तुझ्याच मोबाइलमधून काही झालं असेल, आजकालच्या मुलींचं काय सांगावं. हे शेवटचं वाक्य कुणाचं ते मला माहीत आहे. त्यांनाही माहीत आहे की मला माहीत आहे.

मुलगी तिथून माझ्याकडे आली आणि मी तिला घेऊन सिस्टीमबाईंकडे गेले. ती दारातच रडायला लागली. "काकू, मैंने नहीं भेजा. कोई मान ही नहीं रहा."

"मी मानते," बाई म्हणाल्या. "आत ये. आधी पाणी पी. मग मेल उघड, मी तिकडे बघते."

तिनं मेल उघडेपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग जवळ बसल्या. तो मेल कधी आणि कुठल्या गावातून उघडला गेला याची नोंद मेलमध्येच असते, ती त्यांनी तिला काढून दाखवली. घाणेरडे निरोप गेले त्या वेळी तिचा मेल दूरच्या एका शहरातून उघडलेला होता आणि अनघा तेव्हा शाळेत सातवीच्या वर्गावर होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी शाळेत गेलो. प्राचार्या लखनवी अदबीनं बोलत होत्या, पण उठायची घाई करत होत्या. "देखिए मैडम, मामला बच्चों का है. हमारी भी मजबूरी समझिए. कमेटी बैठेगी, फिर देखेंगे."

"मजबूरी समझती हूँ. पर देखिए मत, यह पढ़िए. मैं बैठी हूँ."

बाईंनी वेळ दाखवली, गाव दाखवलं, हजेरीचा तास दाखवला. प्राचार्यांनी चष्मा काढून पुन्हा लावला. बराच वेळ वाचत होत्या. मग त्यांनी विचारलं, "अच्छा, पर इस बच्ची का पासवर्ड बाहर गया कैसे?"

मला वाटलं, आता बाई सांगणार. आबासाहेबांचं नाव, जावईबापूंचं नाव, ठराव, सगळं. माझ्या तर जिभेवर आलं होतं. बाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ताला हमारा था, मैडम. हमारे मंडल ने सँभालकर नहीं रखा. इसने तो भरोसे से चाबी दी थी. ग़लती हमारी है, इसकी नहीं. मैं लिखकर देती हूँ." आणि त्यांनी तिथेच सही करून लिहून दिलं.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावरच कडाडले. म्हटलं, आपलं कसलं मंडळ? काढलंय त्यांनी तुम्हाला. तुम्हाला रस्त्याच्या पलीकडे उभं केलंय.

"लॅपटॉपपुढे नारळ फोडला तेव्हा मी तिथे होते," बाई म्हणाल्या. "खोबरं खाल्लंय मी. आणि तुम्ही आता रिक्षा बघा, ऊन लागतंय."

चौकशी पुरी झाली आणि अनघा कामावर परत गेली. पालकांपैकी काहींनी तिला घरी येऊन सॉरी म्हटलं. मंडळातल्या एकानंही म्हटलं नाही.

त्यानंतर बाई मंडळातल्या प्रत्येक घरी गेल्या. निशातगंज, तेलीबाग, पार गोमतीपलीकडे, कधी मेट्रोनं, कधी सायकल-रिक्षानं, गुडघे दुखत असताना. मी बरोबर असायची, कारण कुणी दारात वेडंवाकडं बोललं तर उत्तर द्यायला माणूस हवं होतं. प्रत्येक घरी त्यांचं तेच सांगणं: "गावाचं नाव नको, देवाचं नको, मुलांचं नको. ज्यांची एकमेकांशी काही ओळख नाही असे चार शब्द घ्या. प्रत्येक ठिकाणी वेगळे. लक्षात राहत नसेल तर कागदावर लिहून घरात ठेवा. हे चोर तुमच्या स्वयंपाकघरात येत नाहीत." आणि घरातलं माणूस नवा पासवर्ड घालायला लागलं, की बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या. कालनिर्णय बघत, देवांच्या तसबिरी बघत, एके ठिकाणी तर नुसता ओल आलेला कोपरा बघत.

आबासाहेबांच्या घरीही गेल्या. मी म्हटलं होतं की तिथे मी पाय ठेवणार नाही, आणि मी खालीच उभी राहिले. बाईंनी नंतर सांगितलं, की वहिनींनी दार उघडलं, चहा दिला, पासवर्ड बदलून घेतला. आबासाहेब आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते आणि बाई निघेपर्यंत ते वाचून झालं नाही.

वर्षअखेरीच्या अहवालात छापून आलं, की काही तांत्रिक अडचण उद्भवली असता मंडळाच्या तांत्रिक समितीने तत्परतेने घरोघरी जाऊन सभासदांना मार्गदर्शन केले. तांत्रिक समिती! त्या समितीला दुखरे गुडघे होते आणि तिच्या पिशवीत मटार होते. त्याच सभेत बाईंचं सभासदत्व 'सन्मानपूर्वक' परत करण्यात आलं. ठराव चुकीचा होता असं मात्र कुणी म्हटलं नाही. मी तो अहवाल त्यांच्यापुढे आपटला. त्यांनी शांतपणे घडी घालून बाजूला ठेवला. म्हणाल्या, "राग तुम्ही करा, तुम्हाला छान जमतो. मला माळा तपासायच्यात." आणि पुढच्या गणपतीत त्या प्लगांना हात लावत फिरताना दिसल्या.

त्यांना आता एकच गोष्ट हवी होती. जावईबापूंनी नवी वेबसाइट केली होती. तिच्यावर गणपती गोल फिरतो, कमळं उमलतात. आतलं सगळं आता एकदम पक्कं आहे, असं आबासाहेबांनी सभेत जाहीर केलं. बाईंनी विचारलं, "गहू ठेवलाय की पीठ?"

"जावई म्हणालेत की सगळं सुरक्षित आहे."

"ते म्हणालेत ते ऐकलं. मला बघायचंय."

"पाहू."

"पाहू नका, सांगा. मी बसले आहे."

त्या दिवशी मटार संपले, ऊन उतरलं, गच्चीवर गारठा आला आणि उत्तर मिळालं नाही. पुढच्या सभेत परत विचारीन, असं म्हणून त्या उठल्या. पुढची सभा व्हायच्या आत, कडाक्याच्या थंडीतल्या एका सकाळी, दूधवाल्यानं बेल वाजवली आणि त्यांनी दार उघडलं नाही. झोपेतच गेल्या होत्या. मिरजेहून भाऊ आला. मी आणि अनघानं त्यांचं घर आवरलं. त्यांचा मोबाइल टेबलावर होता. त्याला आम्ही दोघींनी हात लावला नाही, तसाच भावाच्या हातात दिला.

शोकसभा झाली. फोटोला हार घातला. आबासाहेब म्हणाले, मंडळाच्या डिजिटल वाटचालीत बाईंचा मोलाचा वाटा होता. मी भिंतीकडे बघत बसले. सभा संपल्यावर ते माझ्याजवळ आले. "ताई, तुमचा त्यांचा स्नेह होता. चार ओळी लिहा, आपल्या वेबसाइटवर टाका." मी हो म्हटलं. तुम्ही वाचताय त्या या ओळी त्यासाठीच लिहायला घेतल्या होत्या.

त्या टाकायच्या म्हणजे माझं पान उघडायला हवं. बाईंच्या सांगण्यावरून ठेवलेले एकमेकांशी ओळख नसलेले चार शब्द मला आठवेनात. लिहून ठेवलेला कागदही सापडेना. म्हणून मी 'पासवर्ड विसरलात?' या बटणावर बोट ठेवलं. क्षणात मेल आला. आदरणीय सभासद, आपला पासवर्ड पुढीलप्रमाणे. आणि खाली माझे चारही शब्द, जसेच्या तसे, अक्षर न् अक्षर.

गहू. आख्खा. रडू आलं, पण ते फार टिकलं नाही.

परवा आबासाहेबांच्या गच्चीवर सभा झाली. अनघा हल्ली समितीत आहे, ती माझ्या शेजारी बसली होती. आयत्या वेळचे विषय आले तेव्हा मी उभी राहिले आणि मोबाइल उघडायला बोट उचललं. अनघानं मान फिरवली आणि ती पाण्याच्या टाकीकडे बघायला लागली. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी तो मेल मोठ्यानं वाचला, पासवर्डसकट.

आबासाहेब दचकले. "अहो ताई, पासवर्ड असा चारचौघांत वाचायचा नसतो."

"मी तो बदललाय, आबासाहेब. पण मला तो तुमच्या वेबसाइटनं वाचून दाखवला. सगळ्यांचेच तिथे असे पडलेत. सभासदांना आज निरोप जायला हवा."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "बाई गेल्या, म्हटलं आता हा विषय संपला. बरं, पाहू."

"पाहू नका, सांगा," मी म्हटलं. "मी बसले आहे."

मी खुर्ची पुढे ओढली, पिशवीतून मटार काढले आणि निम्मे अनघाच्या ओढणीत ओतले.